शेऱ्याचा रकाना

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार. मागच्या पाकिटाला तिकीट कमी पडलं की काय, या विचाराने तीन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. या वेळी पोस्टातल्या बाईंकडून दोनदा वजन करून घेणार आहे. वैतागल्या तर वैतागू देत. पत्र मिळालं की लगेच कळव. फोनवर तुला कमी ऐकू येतं, मला ओरडावं लागतं, आणि आमच्या या तीन खोल्यांत ओरडून बोललेलं कुणाला ऐकू येणार नाही?

मुलाबद्दल लिहायचं आहे. घाबरू नकोस, तब्येत बरी आहे. व्यसन नाही, कुणाशी भांडण नाही. पण त्याचा फोन, ताई. त्यावर कचेरीचे मेल येतात. मेल म्हणजे पत्रच, पण त्याला पाकीट नाही, पोस्टमन नाही आणि दार वाजवून आत यायची रीत नाही. मुलगा घास उचलतो, बघतो. चावतो, बघतो. दात घासायला जातो तेव्हा फोन साबणाच्या शेजारी. काल जिना चढताना बघत होता, तर आपला मजला सोडून वर गेला आणि वरच्यांच्या दाराला किल्ली लावत बसला. सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. ती म्हणते, "अण्णा, मी स्वतः तपासलेत. डोळे अगदी उत्तम आहेत. आमच्याकडे बघायला तेवढे मिळत नाहीत."

तेही चाललं असतं. पण ठकी. नात अडखळते हे तुला ठाऊक आहे. 'म' आला की बहुतेक वेळा गाडी बंद. डॉक्टरबाईंनी बजावलं आहे की वाक्य तुम्ही पुरं करून देऊ नका, नुसतं तिच्याकडे बघत थांबा. आम्ही थांबतो. तोही थांबतो, पण थांबल्या जागी अंगठा सरकत असतो. त्याची नजर खाली गेली की पोर वाक्य तिथेच टाकते आणि म्हणते, "काही नाही." ताई, 'काही नाही' हे मात्र तिला एकदाही न अडखळता म्हणता येतं.

गेल्या सोमवारपासून ती रोज जेवताना "बाबा, मी शाळेत" इथपर्यंत येते. पुढे गेलेली नाही. मी म्हटलं, मला सांग. म्हणाली, "तुला नाही. बा-बाबाला." आठ वर्षांचं लेकरू. उद्या याच्याशी बोलायचंच सोडून दिलं तर? एकदा सोडलं की पुन्हा धरता येतं का? तू इतकी मुलं पाहिलीस, तूच सांग.

मी एक उपाय सुरू केला आहे. काय ते आज लिहीत नाही, तू रागावशील.

तुझा भाऊ


११ फेब्रुवारी

चि. धास्त्यास आशीर्वाद.

पाकिटावर एक तिकीट जास्तीचं होतं. पोस्टातल्या त्या बाईंची मला दया येते.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग आलं नाही. घास उचलतो, बघतो, चावतो, बघतो. अरे, हा माणूस मी ओळखते! इस्पितळात मी वर मुलांच्या वॉर्डात आया होते आणि तू खाली तळघरात बॉयलरवर. आमच्या चादरी तुझ्या वाफेवर धुतल्या जायच्या. जेवायच्या सुट्टीत मी तुझ्याकडे यायचे तेव्हा मी तुझ्याशी बोलत होते की त्या काचेच्या नळीशी, हे मला एकतीस वर्षांत कळलं नाही. बॉयलरचं पाणी नळीत अर्ध्यावर आहे ना, एवढंच तुझं. पाळी नसेल त्या दिवशी घरी असलास तरी दर पाव तासाने उठून चुलीकडे जाऊन यायचास. तुझी बायको बिचारी म्हणायची, "वन्सं, यांच्याशी बोलायचं तर मला नळीत जाऊन बसावं लागेल."

ठकीबद्दल. आमच्या वॉर्डात अशी पोरं येत. त्यांना घाई केलेली चालत नाही, आणि आपण त्यांच्यासाठी थांबलोय असं दाखवलेलंही चालत नाही. खरंच थांबावं लागतं. तेव्हा तुझी धास्ती या खेपेला खोटी नाही. पण मुलाला बोलण्याआधी एवढं विचार, की तो बघतो ते कशासाठी? आवडीने बघणारा माणूस वेगळा दिसतो आणि भीतीने बघणारा वेगळा.

आणि तो उपाय काय आहे? तू लिहिलं नाहीस म्हणजे नक्कीच अडाणीपणा असणार.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार. तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. माझी आणि त्याची बरोबरी कशी करतेस? नळीतलं पाणी खाली गेलं असतं आणि मी बघितलं नसतं तर सगळं इस्पितळ उडालं असतं, तुझ्या वॉर्डातल्या पोरांसकट. माझ्या हाताशी झडप होती. पाणी कमी दिसलं की मी सोडायचो. हा नुसता बघतो. याच्या हातात कोणती झडप आहे?

आता उपाय सांगतो. बॉयलर बंद झाला तेव्हा जुन्या नोंदवह्या रद्दीत काढल्या होत्या, त्यातली एक मी घरी आणली होती. अर्धी कोरी आहे. तेच रकाने: वेळ, पाणी, दाब, शेरा. मी संध्याकाळी साडेसहाला माझ्या खाटेवर बसतो. इथून जेवणाचं टेबल सरळ दिसतं. तो जितक्या वेळा फोन बघतो तितक्या रेघा 'पाणी'च्या रकान्यात ओढतो. शेऱ्यात लिहितो की तेव्हा कोण बोलत होतं. परवा दोन तासांत सत्तेचाळीस. त्यातल्या नऊ वेळा ठकी बोलत होती. महिना भरला की वही त्याच्यापुढे ठेवणार. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, मला त्याच्यासारखं मुद्देसूद बोलता येत नाही. वही बोलेल.

तू विचार म्हणालीस, म्हणून विचारलं. "कशासाठी बघतोस रे?" म्हणाला, "काम असतं, अण्णा." किती पटकन म्हणाला! ताई, मनात येऊ नये ते येतं. यात दुसरी कुणी बाई तर नसेल? परवा मेल वाचून त्याचा चेहरा उतरला आणि सूनबाई आत आल्याबरोबर त्याने फोन पालथा घातला. सूनबाईला हे सांगावं का? सांगितलं तर घर मोडेल, नाही सांगितलं तर माझ्या पोटात राहील. दोन दिवस पित्त झालं आहे.

ठकी अजून "बाबा, मी शाळेत"वरच आहे. काल तर नुसतं "बाबा" म्हणून गप्प बसली.

लगेच लिही. सूनबाईला सांगायचं की नाही, तेवढंच लिहिलंस तरी चालेल.

तुझा भाऊ


२४ फेब्रुवारी

धास्त्या,

सांगायचं नाही. वही बंद कर आणि लपव. मुलाच्या चुकांची वही ठेवणारा बाप कुणाला हवा असतो?

ताई


२ मार्च

ती. ताईस,

तुझं पत्र पोचायला एक दिवस उशीर झाला. वही त्याला सापडली.

गुरुवारी संध्याकाळी खाटेवरची गादी उलटायला आला होता. माझ्या पाठीला बरं पडावं म्हणून, म्हणजे माझ्याच भल्यासाठी. मी स्वयंपाकघरात होतो. बाहेर आलो तर तो खाटेच्या काठावर बसून वाचत होता. आधी मला वाटलं बरं झालं. मग त्याचं तोंड बघितलं.

म्हणाला, "तुम्ही माझ्यावर पाळत ठेवत होतात?"

मी म्हटलं, "तुझ्या पोरीचं वाक्य महिनाभर अडकलंय, त्याची नोंद ठेवत होतो."

"मला विचारायचं होतं."

"विचारलं. तू काम म्हणालास."

मग तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो. "मी सहा वर्षं रोज तुमचा डबा घेऊन तळघरात यायचो. त्या सहा वर्षांत तुम्ही एकदा तरी माझ्याकडे बघून बोललात? मी काहीतरी सांगायचो आणि तुम्ही नळीकडे बघून 'हं' म्हणायचात. त्या 'हं'ची वही कुणी ठेवली?"

ठकी दारात उभी होती. तिने आमच्या दोघांकडे बघितलं आणि आत गेली.

चार दिवस झाले. तो माझ्याशी बोलतो, पण पाहुण्याशी बोलतात तसं. "अण्णा, पाणी हवं का?" वही त्याने परत दिलेली नाही. मी पिशवी भरून ठेवली आहे. दोन सदरे, औषधं, चष्म्याचं घर. तुझ्याकडे एक खोली रिकामी असते, मी तिथे कोपऱ्यात पडून राहीन, अडचण करणार नाही. नऊच्या गाडीने निघेन. उत्तर आलं की निघतो.

बहुतेक मीच घर बिघडवलं.

तुझा भाऊ


७ मार्च

चि. भावास,
तू यायचं नाहीस.

रागावू नकोस, पूर्ण वाच. तुझ्या मुलाचा मला फोन आला होता. बिचाऱ्याला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागलं, त्यामुळे खोटं बोलायला त्याला जमलं नसावं. "तू अण्णांना सांगू नकोस, आत्या" म्हणाला. मी "बरं" म्हणाले आणि आता लिहिते आहे. पाप लागलं तर मला लागेल.

बाई वगैरे काही नाही. तुझ्या डोक्यात येतं तरी काय? त्याच्या कचेरीत माणसं कमी करताहेत. तो माल पाठवायचं काम बघतो ना, त्याच्या रांगेतली तीन टेबलं दोन महिन्यांत रिकामी झाली. निरोप मेलवर येतो, बहुतेक संध्याकाळी, कचेरी सुटल्यावर. एकाने मेल बघितलाच नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा डबा घेऊन गेला, तर त्याच्या कार्डाने दार उघडेना. मागे रांग लागली. सगळ्यांच्या देखत पहारेकऱ्याने त्याला बाजूला घेतलं. तुझा मुलगा त्या रांगेत होता. तो मला म्हणाला, "आत्या, नोकरी जाईल ती जाईल. पण मला तसं दारात उभं राहायचं नाही." बायकोलाही सांगितलेलं नाही त्याने. तिचा जीव टांगणीला नको म्हणून स्वतःचा टांगून ठेवला आहे.

आता दुसरं. वहीत तुझ्या रेघा होत्या तेवढंच त्याने वाचलं नाही. सुरुवातीची, बॉयलरच्या वेळची जुनी पानंही वाचली. तू शेऱ्यात काय काय लिहायचास ते तू विसरला असशील. त्याने मला वाचून दाखवलं, मी उतरून घेतलं: "१.१५. पाणी अर्धे. मुलगा डबा घेऊन आला. सायकलवर दोन्ही हात सोडता येतात म्हणाला." "१.३०. पाणी अर्धे. मुलाला गणितात मार्क कमी, बाईंनी बोलावले आहे." असं पानापानावर. आणि एका ठिकाणी लाल शाईत तुझ्या वरिष्ठाचा शेरा: "नोंदवहीत घरगुती मजकूर लिहू नये."

तो म्हणाला, "आत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ऐकलं होतं तर वर का नाही बघितलं?" हसत होता की रडत होता, मला फोनवर कळलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "काय?" तेव्हा तेही दोनदा विचारावं लागलं.

तू पिशवी रिकामी कर. आपल्याकडे नियम काय होता? बदलीचा माणूस आल्याशिवाय पाळी सोडायची नाही. त्याने तोंडाने "ताबा घेतला" म्हणायचं, वहीत सही करायची, मगच तू जिना चढायचास. तू एकतीस वर्षं जिना चढून घरी जेवायला जाऊ शकलास, कारण तुला बदली होता. तुझ्या मुलाला कोण आहे?

ताई


२६ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. उत्तराला उशीर झाला. तू काळजी करणारी नाहीस हे माहीत असूनही, तू काळजी करत असशील म्हणून मला काळजी वाटत होती. पण जे घडायचं होतं ते काल घडलं, त्याआधी लिहून उपयोग नव्हता.

तुझं पत्र वाचल्यावर एक पूर्ण दिवस मी पिशवी भरलेलीच ठेवली. मग सदरे खुंटीला लावले आणि मुलाला म्हटलं, "मला सगळं ठाऊक आहे. आत्यावर रागावू नकोस." तो खाली फोनकडे बघत राहिला. मी म्हटलं, "बघू नकोस असं मी म्हणत नाही. ज्याला भीती आहे त्याला बघू नको म्हणून चालत नाही. पण एका माणसाने सलग किती बघायचं? आठ ते साडेआठ ताबा मला दे. मी बघतो."

"तुम्हाला इंग्रजी येतं का, अण्णा?"

"अक्षरं ओळखतो. साहेबाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दे. जुळवून बघीन. जुळलं की हाक मारीन."

तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. वही घेऊन आला, मागच्या पानावर साहेबाचं नाव लिहिलं, आणि खरंच सही केली: ताबा दिला. मी सही केली: ताबा घेतला. सूनबाई म्हणाली, "चला, आमच्या घरात आता कंपनी निघाली." सही कशाची ते तिला सांगायचं राहिलंच. तो सांगेना, आणि मी सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं.

पहिल्या दिवशी तो सारखा खिसा चाचपत होता. सूनबाईने विचारलं, "खिशात उंदीर सोडलाय का?" दुसऱ्या दिवशी चार वेळा विचारलं, "अण्णा, काही?" मी बाहेरच्या खोलीतून ओरडायचो, "पाणी अर्धे!" मग तेच चालू झालं. "अण्णा?" "पाणी अर्धे!" ठकीला गंमत वाटायला लागली, तीही विचारायची. पण शाळेचं वाक्य काही काढत नव्हती. बारा दिवस नाही. मला वाटलं, गेलं ते. पोराने सोडलं.

आणि खरं सांगतो ताई, त्या अर्ध्या तासात माझाच जीव फोनमध्ये जायचा. एकदा हातात घेतला की डोळे हलत नाहीत. काल आठ वाजता मी मान खाली घालून बसलो होतो, आत कोण काय बोलतंय इकडे लक्ष नव्हतं, अगदी तळघरासारखं. आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मेल. मी वहीतलं नाव धरलं आणि एकेक अक्षर जुळवलं. सगळी जुळली.

मी उठलो. गुडघे आपोआप उठले. दारापर्यंत गेलो, हाक मारायला तोंड उघडलं, आणि आतून आवाज आला, "बाबा, मी शाळेत."

मी दारात थांबलो.

ती "म" वर अडकली. तो तिच्याकडे बघत होता. हात टेबलावर, दोन्ही. सूनबाईने पाण्याचा तांब्या उचलला होता, तो तसाच हातात धरला. फोन माझ्या हातात पुन्हा थरथरला, तेच पत्र आठवण देत होतं. एकतीस वर्षांत मी दाबाचा काटा लाल रेघेवर दिसला असताना एक क्षण थांबलो नाही.

मी फोन पालथा केला आणि पोरीकडे बघितलं.

"म-म-मी हात वर केला," ठकी म्हणाली. कशासाठी, ते बाहेर यायला फार वेळ लागला. शाळेत रोज सकाळी एक मूल सगळ्यांसमोर उभं राहून बातम्या वाचतं. हिला त्यातून वगळलेलं होतं. जवळजवळ दोन महिन्यांपूर्वी बाईंनी विचारलं, शुक्रवारी कुणाला वाचायचंय, आणि हिने हात वर केला. बाई म्हणाल्या, आई नाहीतर बाबा ऐकायला येणार असतील तर नाव लिहीन. तेव्हापासून प्रत्येक शुक्रवारी दुसरं कुणी वाचत होतं.

"मग?" तो म्हणाला. फक्त तेवढंच.

"म-मग तू येशील का?"

"येणार."

"शु-शुक्रवारी?"

"येणार म्हटलं ना."

मग तिला किती काय बोलायचं होतं! कुठे उभं राहायचं, माइक किती उंच आहे, अडखळले तर कुणाकडे बघू. तो म्हणाला, माझ्याकडे बघ. ती बोलून संपली आणि भाताला लागली. आठ वाजून सतरा मिनिटं.

मी आत गेलो. म्हटलं, "साहेबाचं आलंय. सात मिनिटं झाली. मी थांबलो होतो."

त्याने वाचलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने फोन टेबलावर उलटा ठेवला आणि बायकोला सांगितलं, "मला कमी केलं. सोमवारपासून यायचं नाही." सगळ्यांसमोर, सरळ. सूनबाई म्हणाली, "तू हे कधीपासून एकटाच घेऊन बसला होतास?" तो म्हणाला, "जानेवारीपासून." तिने तांब्या ठेवला, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि त्याची पाठ थोपटली, आपण आजारी पोराची थोपटतो तशी. ठकीने विचारलं, "म्हणजे शुक्रवारी येणार की ना-नाही?" तेव्हा दोघंही हसली.

आज सकाळपासून मला वाटतंय, ती सात मिनिटं मी चूक केली का? लगेच उत्तर दिलं असतं तर साहेबाचं मन बदललं असतं का? मुलगा म्हणतो, "अण्णा, मी सात आठवडे बघत होतो, त्याने काय थांबलं? तिथे झडप नव्हती. तुम्हीच म्हणाला होतात ना आत्याला?" म्हणजे माझी पत्रंही तू त्याला वाचून दाखवतेस. असो. सात वेळा विचार केला तरी माझं तोंड हाक मारायला उघडत नाही, एवढं खरं.

पुढचं कसं होईल याची धास्ती आहेच. ती माझी, ती जाणार नाही. पण उद्या शुक्रवार आहे. तो माझ्या सदऱ्याला इस्त्री करतोय, मलाही चला म्हणतोय. फोन घरी ठेवून जाणार असं म्हणाला. मी म्हटलं नाही, घेऊन चल, माझ्याकडे दे.

तू विचारशील म्हणून कालच्या वहीतली नोंद उतरवतो. लाल शाईवाला आता कुणी नाही, म्हणून घरगुती मजकूर लिहिला आहे.

८.१०. घंटी झाली. उठलो.
८.१७. नातीचं बोलून झालं. ताबा परत दिला.
शेरा: वर बघितलं.

तुझा भाऊ